बुरशीला औषध बनवायला कोणी शिकवले? पेनिसिलिनच्या जनुकांची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात एक काकू नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाचा घसा लाल, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि अंगात १०२ ताप. तपासून मी अमॉक्सिसिलिन लिहून दिले. "याला पूर्वी कधी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली होती का?" असे मी विचारले आणि बोलता बोलता सांगितले, की हे औषध पेनिसिलिनच्या घराण्यातले आहे आणि त्याचा उगम एका बुरशीत आहे.

काकू थबकल्या. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, पावाला बुरशी आली तर आम्ही फेकून देतो आणि तुम्ही बुरशीचंच औषध पोराला देता? आणि त्या बुरशीला तरी काय ठाऊक, औषध कसं करायचं ते!"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले. प्रत्येक बुरशी औषध बनवत नाही. काही बुरश्या चक्क विष बनवतात. तेव्हा बुरशी आलेला पाव फेकूनच द्यायचा, त्यात औषध शोधायचे नाही. दुसरा प्रश्न मात्र दोन वाक्यांत संपणारा नव्हता आणि बाहेर रुग्ण ताटकळले होते. "बुरशीला काय ठाऊक" हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर मिळायला पेनिसिलिनचा शोध लागल्यानंतर साठ वर्षे जावी लागली. त्या साठ वर्षांची ही गोष्ट.

औषध होते, पण पुरेसे नव्हते

सुरुवात बहुतेकांना माहीत आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तेव्हा जीवाणू वाढवलेल्या त्यांच्या एका काचेच्या बशीत बुरशी उगवलेली होती. बुरशीच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेले होते. ती पेनिसिलियम जातीची बुरशी होती, म्हणून तिच्यातून पाझरणाऱ्या पदार्थाला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पण तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढणे त्यांना जमले नाही.

ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जीवाणू टोचले आणि त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चार जिवंत होते.

माणसावरचा पहिला मोठा प्रयोग फेब्रुवारी १९४१ मध्ये झाला. रुग्ण होता अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई. त्याचा चेहरा आणि डोके जंतुसंसर्गाने पोखरले होते, एक डोळा काढावा लागला होता. पेनिसिलिन सुरू केल्यावर चोवीस तासांतच तो सुधारू लागला. ताप उतरला, भूक लागली. पण औषधाचा साठा संपत आला. शरीरात गेलेले पेनिसिलिन लघवीवाटे झपाट्याने बाहेर पडते. म्हणून त्याची लघवी गोळा करून, तिच्यातले पेनिसिलिन वेगळे काढून पुन्हा त्यालाच टोचले गेले. शेवटी तेही पुरले नाही. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो रुग्ण गेला.

डॉक्टर म्हणून मला ही घटना फार बोचते. निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. बुरशी ते पुरेसे बनवत नव्हती, एवढेच कमी पडले. ती इतके थोडे का बनवते आणि जास्त कसे बनवेल, हा प्रश्न त्या दिवसापासून जीवनमरणाचा झाला.

आंधळेपणाने केलेली निवड

इंग्लंडमध्ये बॉम्ब पडत होते. म्हणून १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात शेतमालावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजवलेले दाट पाणी उरते. ते बुरशीच्या खुराकात घातल्यावर पेनिसिलिनचे उत्पादन कितीतरी पटींनी वाढले.

मग चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला. ठिकठिकाणची माती आणि सडकी फळे तपासली गेली. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर हवी ती बुरशी सापडली. फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा ती कितीतरी अधिक पेनिसिलिन देत होती आणि मोठ्या टाक्यांमध्ये द्रवात बुडून वाढायलाही तयार होती.

शास्त्रज्ञ तिथेच थांबले नाहीत. त्या बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले गेले, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरण सोडले गेले. अशा किरणांनी पेशीतल्या जनुकांमध्ये वेडेवाकडे बदल होतात. बहुतेक बीजाणू मरतात किंवा बिघडतात. एखादाच आधीपेक्षा जास्त पेनिसिलिन देतो. तो निवडायचा, वाढवायचा, पुन्हा किरण सोडायचे, पुन्हा निवडायचा. आपला शेतकरी कणसांतले भरघोस कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो, त्यातलाच हा प्रकार. काही वर्षांत उत्पादन फ्लेमिंगच्या मूळ बुरशीच्या शेकडो पट झाले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले, तेव्हा जखमी सैनिकांसाठी पुरेसे पेनिसिलिन तयार होते.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागले. एका पोलीस शिपायाला न पुरलेले औषध चौदा वर्षांत पिंपरीच्या टाक्यांमध्ये तयार होऊ लागले होते.

पण गंमत पाहा. वाण निवडणाऱ्यांना कोणता बदल कशामुळे उपयोगी पडला, हे अजिबात कळत नव्हते. डीएनएची रचनासुद्धा १९५३ पर्यंत माहीत नव्हती. बुरशीच्या आत काय बदलले, हा डबा बंदच होता.

तीन साधे पदार्थ

डबा उघडायचा तर आधी पेनिसिलिन म्हणजे नेमके काय, हे कळायला हवे होते. १९४५ मध्ये ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी पेनिसिलिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून त्याची रचना ओळखली. त्याच्या मध्यभागी चार अणूंचे एक लहानसे चौकोनी कडे आहे. ते ताणलेल्या स्प्रिंगसारखे असते. जीवाणूची बाहेरची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला ते जाऊन चिकटते आणि त्याचे काम कायमचे थांबवते. भिंत अर्धवट राहते, जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून पेनिसिलिन जीवाणूंना मारते आणि आपल्याला सहसा त्रास देत नाही.

हे कडे बनवणे सोपे नाही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन शीहान नऊ वर्षे झटले, तेव्हा १९५७ मध्ये बुरशीच्या मदतीशिवाय, निव्वळ रसायनांपासून पेनिसिलिन तयार झाले. ते यश मोठे होते, पण ती पद्धत कारखान्यासाठी महागडी होती. बुरशी मात्र तेच काम पाण्यात, साध्या तापमानात, साखर खाऊन करत होती.

कशापासून करत होती? लंडनमध्ये एच. आर. व्ही. आर्नस्टीन यांनी १९५० च्या दशकात एक युक्ती केली. प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांवर त्यांनी खुणेचे अणू बसवले आणि ती बुरशीला खायला घातली. खुणेचे अणू पेनिसिलिनमध्ये उतरले की नाही, ते पाहिले. सिस्टीन आणि व्हॅलीन ही दोन अमिनो आम्ले पेनिसिलिनच्या गाभ्यात सापडली. ही दोन्ही आपल्या डाळीत आणि दुधातही असतात. १९६० मध्ये आर्नस्टीन आणि मॉरिस यांना बुरशीच्या तंतूंत तीन मण्यांची एक छोटी माळ मिळाली: अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलीन. पहिला मणी बुरशीला नवा नव्हता. तिच्या रोजच्या कारभारात, लायसीन हे दुसरे अमिनो आम्ल बनवताना तो वाटेत तयार होतोच. म्हणजे घरातल्याच तीन जिन्नसांपासून बुरशी हे अस्त्र घडवत होती.

सार्डिनियाचे सांडपाणी

इथे दुसरी एक बुरशी गोष्टीत येते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर कालियारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू नावाचे प्राध्यापक होते. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळे, तिथल्या पाण्यात जीवाणूंना मारणारे काहीतरी असावे, असा त्यांना संशय आला. १९४५ मध्ये त्या पाण्यातून त्यांनी सेफॅलोस्पोरियम नावाची बुरशी वेगळी केली. स्वतःकडे साधने नव्हती, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी ती ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे नवे प्रतिजैविक शोधून काढले. आज आपण घेतो त्या सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन या सगळ्या औषधांचे मूळ तिथे आहे.

लक्ष वेधणारी बाब अशी होती, की ही बुरशी एक पेनिसिलिनही बनवत होती, आणि तिच्याकडेही तीच तीन मण्यांची माळ होती. दोन निराळ्या बुरश्यांकडे घडवण्याची सुरुवातीची रीत एकच कशी? हे ज्ञान लिहून ठेवलेले असणार आणि ते जनुकांतच असणार, हे आता उघड दिसू लागले.

जनुक औषध बनवत नाही, कारागीर बनवते

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की बुरशीत "पेनिसिलिनचे जनुक" असेल आणि त्यातून थेट पेनिसिलिन निघत असेल. तसे नसते. इन्सुलिन हे प्रथिन आहे, म्हणून त्याचे थेट जनुक असते. पेनिसिलिन प्रथिन नाही. जनुकात लिहिलेले असते ते एन्झाइम नावाचे प्रथिन कसे बनवायचे, हे. एन्झाइम म्हणजे पेशीतला कारागीर. सोनार, कासार, लोहार यांचे काम जसे ठरलेले, तसे प्रत्येक एन्झाइमचे एकच काम ठरलेले. कच्चा माल एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जातो आणि शेवटी औषध तयार होते.

म्हणून जनुक शोधायचे तर आधी कारागीर पकडायचा आणि त्याच्यावरून मागे जनुकाकडे जायचे. ऑक्सफर्डमध्ये अब्राहम आणि जॅक बाल्डविन यांच्या गटांनी अशा एका कारागिराचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे नाव आयसोपेनिसिलिन एन सिंथेज. तीन मण्यांची सरळ माळ तो हातात घेतो, त्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू असतो, हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू तो वापरतो आणि एकाच फटक्यात पेनिसिलिनची दोन्ही कडी जोडून टाकतो. शीहान यांची नऊ वर्षांची मेहनत आठवा!

१९८५: पहिले जनुक हाती लागते

अमेरिकेतल्या एली लिली या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सार्डिनियाच्या त्या बुरशीतून हे एन्झाइम शुद्ध केले आणि त्याच्या टोकाकडची पहिली काही अमिनो आम्ले क्रमाने वाचली. कोणत्या अमिनो आम्लासाठी डीएनएमध्ये कोणती अक्षरे लागतात, हे तोपर्यंत माहीत झाले होते. त्यावरून त्यांनी जनुकाचा तो तुकडा कसा असेल याचा अंदाज बांधला आणि तसे डीएनएचे छोटे धागे प्रयोगशाळेत तयार केले. हे धागे म्हणजे गळ. बुरशीच्या सगळ्या डीएनएचे तुकडे करून त्यांत हे गळ टाकले. जो तुकडा गळाला जुळून चिकटला, त्यात जनुक होते.

पण खरेच तेच जनुक का? खात्री करायला त्यांनी ते ई. कोलाय या जीवाणूत घातले. हा जीवाणू जन्मात कधी पेनिसिलिन बनवत नाही. तरी त्याच्या पेशींत ते एन्झाइम तयार झाले आणि तीन मण्यांच्या माळेपासून कडी जोडण्याचे काम करू लागले. १९८५ मध्ये हे संशोधन नेचर या नियतकालिकात छापून आले. पेनिसिलिनच्या शोधाला तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती. बुरशीची विद्या पहिल्यांदा अक्षरशः वाचता आली.

तिघे कारागीर शेजारीशेजारी

पुढच्या पाच वर्षांत उरलेली जनुके सापडली. पेनिसिलिन बनवायला मुख्य तीन कारागीर लागतात, हे स्पष्ट झाले.

पहिला कारागीर तीन मणी ओवून माळ करतो. हे एन्झाइम अवाढव्य आहे, जवळजवळ पावणेचार हजार अमिनो आम्लांचे. दुसरा, आपण वर पाहिला तो, माळेची कडी जोडतो. तो पहिल्याच्या एक दशांशाहूनही लहान आहे. तिसरा माळेचा पहिला मणी काढून त्या जागी दुसरी शेपटी लावतो. तीच शेपटी लागली की पेनिसिलिन जी तयार होते, ज्याचे इंजेक्शन आपण आजही देतो. पिओरियात मक्याचे पाणी इतके उपयोगी का पडले, याचे एक कारणही इथे कळते. त्या पाण्यात या शेपटीचा कच्चा माल होता.

खरे आश्चर्य पुढे होते. स्पेनमधल्या लेऑन इथे हुआन फ्रान्सिस्को मार्तिन यांच्या गटाने आणि इतर संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की ही तिन्ही जनुके बुरशीच्या डीएनएवर एकमेकांना लागून बसलेली आहेत. बुरश्यांमध्ये एका कामाची जनुके सहसा दूर दूर विखुरलेली असतात. इथे मात्र जुन्या गावात कासारआळी किंवा तांबटआळी असावी, तशी पेनिसिलिनची आळी होती.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ही अख्खी आळी उचलून अशा दोन बुरश्यांत नेऊन बसवली, ज्या पेनिसिलिन कधीच बनवत नाहीत. त्यांतली एक होती न्यूरोस्पोरा, म्हणजे पावावर येणारी नारिंगी बुरशी. दोघीही पेनिसिलिन बनवू लागल्या. काकूंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर या प्रयोगात आहे. बुरशीला काहीच "ठाऊक" नसते. विद्या त्या तीन जनुकांत असते. ती ज्या बुरशीत जातील, तिला ती येते.

बंद डबा उघडला

आता चाळीस वर्षे कारखान्यांत निवडून वाढवलेल्या वाणांकडे परत पाहता आले. त्यांच्यात नेमके काय बदलले होते? खरबुजावरच्या मूळ बुरशीत या आळीची एकच प्रत होती. पण जास्त उत्पादन देणाऱ्या काही वाणांत तोच तुकडा एकापुढे एक असा पुन्हा पुन्हा लिहिलेला आढळला. १९९५ मध्ये लेऑनच्याच गटाने तपासलेल्या दोन वाणांपैकी एकात पाच-सहा, तर दुसऱ्यात बारा ते चौदा प्रती होत्या. जास्त प्रती म्हणजे जास्त कारागीर, आणि जास्त कारागीर म्हणजे जास्त माल. एवढ्यावरच सगळे अवलंबून नव्हते, इतरही बदल झाले होते. पण कारखान्यात काचेच्या बशीवर डोळे लावून बसलेल्या माणसांनी, न पाहता, जनुकांच्या प्रती वाढवत नेल्या होत्या. त्या पोलीस शिपायाला जे कमी पडले, ते शेवटी अशा रीतीने भरून निघाले.

ही विद्या बुरशीची की उसनी?

मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे काही जीवाणूही पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनच्या कुळातली रसायने बनवतात. त्यांच्यातही माळ ओवणारी आणि कडी जोडणारी जनुके सापडली आणि ती बुरशीच्या जनुकांशी चकित करण्याइतकी जुळत होती. आणखी एक खूण होती. बुरशीच्या बहुतेक जनुकांच्या मध्ये बिनकामाच्या मजकुराचे तुकडे असतात, जीवाणूंच्या जनुकांत ते नसतात. पेनिसिलिनच्या पहिल्या दोन जनुकांत ते नाहीत, तिसऱ्यात आहेत. यावरून अनेक शास्त्रज्ञांचे मत असे झाले, की पहिली दोन जनुके फार प्राचीन काळी मातीतल्या एखाद्या जीवाणूकडून बुरशीकडे आली असावीत आणि तिसरे तिचे स्वतःचे असावे.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. जीवाणूंना मारणारे हे अस्त्र मातीत माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याला तोंड देण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे. अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन तोडणारे एन्झाइम जीवाणूंमध्ये १९४० सालीच पाहिले होते, तेव्हा पेनिसिलिन अजून औषध म्हणून सर्रास वापरातही आले नव्हते. म्हणजे औषधाला न जुमानणारे जीवाणू आपण शून्यातून निर्माण केलेले नाहीत. मात्र प्रतिजैविके नको तिथे वापरून नेमके तेच जीवाणू आपण निवडतो आणि वाढवतो. कारखान्यात चांगली बुरशी जशी निवडली, तशीच ही निवड, फक्त आपल्या नुकसानीची.

झोपलेली जनुके

२००८ मध्ये पेनिसिलियम बुरशीची संपूर्ण जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे तेरा हजार जनुके दिसली. तिच्यात आणि इतर बुरश्यांतही पेनिसिलिनच्या आळीसारख्या इतर अनेक आळ्या आढळल्या. त्यांतल्या पुष्कळ बंद असतात. बुरशीला प्रयोगशाळेत आयते जेवण मिळते, शत्रू कोणी नसतो. मग ती अस्त्रे कशाला परजेल?

२००४ मध्ये अमेरिकेत नॅन्सी केलर यांच्या गटाने ॲस्परजिलस बुरशीत असे एक जनुक शोधले, जे मुख्य कळीसारखे काम करते. ते काढून टाकले की पेनिसिलिनची आळी गप्प होते, आणि इतर काही रसायनांच्याही. त्याचा जोर वाढवला की पेनिसिलिनच्या जनुकांचे काम वाढते. कोलेस्टेरॉलवरच्या लोवास्टॅटिनच्या जनुकांबाबतही तेच दिसले. २००९ मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या शास्त्रज्ञांनी ॲस्परजिलसला मातीतल्या अठ्ठावन्न जीवाणूंच्या शेजारी एकेक करून वाढवून पाहिले. त्यांतला एक जीवाणू बुरशीच्या तंतूंना जाऊन भिडला, तेव्हा तिची एक झोपलेली आळी जागी झाली. नव्या औषधांच्या शोधाची एक वाट इथून जाते. पण वाट लांब आहे. जनुक वाचता आले म्हणजे गोळी तयार झाली असे नव्हे. सुरक्षित आणि गुणकारी ठरेपर्यंत बहुतेक रसायने गळून पडतात. म्हणून हाताशी असलेली प्रतिजैविके जपून वापरणे, हेच आज सर्वांत शहाणपणाचे.

तुमच्या गोळीशी याचा संबंध काय?

तुम्ही घेता ते अमॉक्सिसिलिन आजही बुरशीपासूनच सुरू होते. टाकीत बुरशी पेनिसिलिन बनवते. मग त्याची शेपटी कापून फक्त कडी ठेवतात आणि कारखान्यात नवी शेपटी लावतात. ही कडी सुटी मिळवण्याची रीत १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये सापडली आणि त्यातूनच पुढे अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन आली.

पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांचे मूळ एकच असल्यामुळे डॉक्टर ॲलर्जीबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना सेफॅलोस्पोरिनचाही त्रास होण्याचा धोका पूर्वी समजत होतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि तो मुख्यतः शेपट्या सारख्या असल्या तर असतो. तरीही हा निर्णय स्वतः घेऊ नका. गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा धाप लागली असेल, तर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

साध्या सर्दीला आणि फ्लूला प्रतिजैविक मागू नका. ते आजार विषाणूंमुळे होतात. विषाणूंना ती भिंतच नसते, तर पेनिसिलिन तोडणार काय? आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले असेल, तर सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

आठवड्याने काकू नातवाला दाखवायला आल्या. घसा स्वच्छ होता, पोरगा खुर्चीवर बसून पाय हलवत होता. मी त्यांना तीन कारागिरांची गोष्ट थोडक्यात सांगितली. काकूंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे बुरशीला अक्कल नाही, पण हातात कसब आहे." साठ वर्षांच्या संशोधनाचा याहून चांगला सारांश मला तरी सुचला नसता.